विहिरीला रॉकेलचा वास येतो, आणि अहवाल म्हणतो पाणी चांगलं आहे

प्रश्न थोडक्यात असा. घाटपायथ्याची तीस-बत्तीस घरांची वाडी, सात विहिरी. त्यातल्या दोन विहिरींच्या पाण्याला गणपतीपासून रॉकेलसारखा वास येतोय. वरच्या अंगाला अडीचशे मीटरवरून पेट्रोल-डिझेलची जमिनीखालची वाहिनी जाते. कंपनीची माणसं येऊन गेली, वाहिनीचा दाब व्यवस्थित आहे म्हणाली. ग्रामपंचायतीने पाण्याचा नमुना तपासायला पाठवला, त्यावर शेरा आला 'पिण्यास योग्य'. वाडीतली जाणती माणसं म्हणतात उकळून प्या. ग्रामपंचायतीत कुणी म्हणतं त्या दोन विहिरी बुजवून टाका, वादच नको. आणि विचारणाऱ्या दादांनी शेवटी लिहिलंय, "आमचाच काही भ्रम आहे का?"

भ्रम नाही. मी सव्वीस वर्षं भूजलाचं काम करते आणि त्यातली बरीच वर्षं इंधनगळतीच्या जागांवर गेली आहेत. गळतीची पहिली बातमी यंत्राकडून आली, अशी जागा मी क्वचितच पाहिली. बहुतेक ठिकाणी ती पाणी भरणाऱ्या बाईने दिली. कळशी डोक्यावर घेताना तिला वास आला, तिने घरात सांगितलं, आणि पुढचे कित्येक महिने तिला सगळे 'तसं काही नाही' म्हणत राहिले. तुमच्याकडेही तेच चाललंय.

आधी आजचं बघू, कारण कारणमीमांसा उद्या केली तरी चालेल.

त्या दोन विहिरींच्या मोटरी बंद करायच्या. पण स्टार्टर विहिरीलगतच्या खोपटात असेल तर तिथे जाऊन बटण दाबू नका. लाइनमनला बोलावून वीज लांबूनच, खांबावरून तोडायला सांगा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, विहिरीत, पंपाच्या खोलीत, टाकीच्या खड्ड्यात बसून राहते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली की स्टार्टरची एक ठिणगी पुरते. गोव्यात दाभोळीच्या माटवे भागात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये विहिरींत इंधन उतरलं होतं आणि विहिरीला आगही लागली होती. विहिरीजवळ विडी-काडी नको, वाकून आत बघायला मोबाइलचा उजेड नको, आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. भोवती दोरी बांधा, पाटी लावा. अग्निशमन दलाकडे आणि वाहिनीच्या कंपनीकडे वाफ मोजायचं यंत्र असतं. ते घेऊन या, असं आजच फोन करून सांगा, आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवा.

विहिरीत कुणीही उतरायचं नाही. गाळ काढायला नाही, पोहरा पडला म्हणून नाही, नमुना घ्यायलाही नाही. अशा विहिरीत उतरलेला माणूस दोन मिनिटांत खाली बसतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. हे मी घाबरवायला लिहीत नाही. आपल्याकडे विहिरीत माणसं अशीच जातात.

आता पाणी. पिणं, स्वयंपाक, भांडी आणि आंघोळ हे चारही बंद. आंघोळ कशाला, असं वाटेल, पण गरम पाण्यातून सुटणारी वाफ बंद न्हाणीघरात श्वासावाटे थेट आत जाते. उकळून पिण्याचा सल्ला जंतूंसाठी योग्य आहे, इंधनासाठी तो उलटा पडतो. पेट्रोलमधला सर्वांत वाईट घटक बेंझीन, तो ८० अंशांवरच उकळतो. पातेलं उकळायला ठेवलं की बेंझीन पाण्यातून निघतं आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या छातीत जातं. तुरटी गाळासाठी असते, टीसीएल पावडर जंतूंसाठी. घरातल्या आरओमध्ये कोळशाची एक छोटी कांडी असते, ती इंधनाने लवकर भरून जाते, आणि भरल्यावर मशीन तुम्हाला काहीच सांगत नाही. गुरांनाही हे पाणी नको. माठ, पालक, मेथी अशा पालेभाज्यांचं शिंपणही थांबवा.

उरलेल्या पाच विहिरी तपासून होईपर्यंत पिण्यासाठी टँकरच मागायचा. वापरायला पाणी लागलंच तर वाहिनीच्याही वरच्या अंगाला जी विहीर आहे, ती घ्या. बाकीच्यांवर जास्त मोटरी चालवू नका, त्याचं कारण पुढे येईल.

तुमच्या मनातला खरा गुंता अहवालाचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

तो अहवाल खोटा नाही. नेहमीच्या तपासणीत सामू, क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि जंतू एवढंच बघतात. यातल्या एकाही गोष्टीत पेट्रोल दिसत नाही. पाण्यात इंधन आहे का, हा प्रश्न त्या प्रयोगशाळेला कुणी विचारलाच नव्हता. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, खनिज तेलासाठी लिटरला अर्धा मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, पण ती तपासणी मुद्दाम मागावी लागते. बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेची ५. हे आकडे किती बारीक आहेत ते हिशेबाने बघा. आपल्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त एक टक्का चालतं. म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये दहा मिलिलिटर, वजनाने साधारण पावणेनऊ ग्रॅम. तेवढं बेंझीन पाण्यात नीट मिसळलं तर आठ लाख लिटरहून जास्त पाणी त्या मर्यादेच्या बाहेर जातं. दहा हजार लिटरचे ऐंशीहून जास्त टँकर, एका लिटर पेट्रोलमुळे.

आणि नाकाबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण वाडीत सगळ्यांना ती उलटी वाटते. पाण्यातलं बेंझीन माणसाला वासाने कळायला लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे मर्यादेच्या हजारपट. तुम्हाला येतो तो वास मुख्यतः त्याच्या भावंडांचा, झायलीन, इथाइलबेंझीन वगैरेंचा. वास आला तर इंधन आहे. वास गेला म्हणजे इंधन गेलं, असं मात्र नाही. पावसाळ्यात 'आता वास कमी झालाय' म्हणून लोक परत पाणी भरायला लागतात, तिथे फसगत होते.

तवंगाचंही तसंच. विहिरीवर इंद्रधनुषी साय दिसली म्हणजे तेलच, असं धरू नका. लोहाच्या जीवाणूंचाही तसाच तवंग येतो. लांब काठीने तो मोडून बघा. जीवाणूंचा असेल तर काचेसारखे तुकडे होतात आणि तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा असेल तर फाटलेला तवंग फिरून जुळतो. ही परीक्षा वास फार उग्र नसेल तरच करायची, आणि कठड्याबाहेर उभं राहून.

कंपनीच्या माणसांनी दाब ठीक असल्याचं सांगितलं. तेही बहुधा खरंच आहे, आणि तरीही वाहिनी गळत असू शकते. यासाठी अमेरिकेतलं एक उदाहरण सांगते. मला माहीत असलेल्या गळत्यांमध्ये तुमच्या प्रश्नाशी इतकं जुळणारं दुसरं नाही.

पेनसिल्व्हेनिया राज्यात बक्स काउंटीत अप्पर मेकफील्ड नावाचं गाव आहे, डेलावेअर नदीच्या काठी. तिथल्या माउंट एअर नावाच्या वस्तीत नळयोजना नाही, प्रत्येक घराची स्वतःची बोअर. वस्तीखालून सुनोको कंपनीची ट्विन ओक्स नावाची १४ इंची वाहिनी जाते, पेट्रोल, डिझेल आणि विमानाचं इंधन वाहून नेणारी. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका घरातून पाण्याला वास येत असल्याची तक्रार गेली. कंपनीने तपासलं, गळती सापडली नाही. महिने गेले. तक्रारी पुन्हा झाल्या, राज्याचं पर्यावरण खातं आलं, बोअरच्या पाण्यावर इंधन सापडलं, आणि ३१ जानेवारी २०२५ ला खणून बघितल्यावर गळती हाती लागली. पूर्वी कधीतरी दुरुस्ती म्हणून वाहिनीवर पोलादी वेष्टन बसवलं होतं, त्याच जागी. तिथल्या केंद्रीय नियामकाच्या कागदात गळतीचा अंदाज १५६ बॅरल आणि काळ किमान १६ महिने असा आहे.

आता हा आकडा मोडून बघू. १५६ बॅरल म्हणजे सुमारे २४,८०० लिटर. ऐकायला मोठं वाटतं, जवळजवळ अडीच टँकर. पण सोळा महिन्यांवर पसरलं तर दिवसाला पन्नास लिटर, तीन हंडे. तासाला दोन लिटर. मिनिटाला दोन-अडीच मोठे चमचे. वाहिनीतून तासाला काही लाख लिटर इंधन धावत असताना अडीच चमचे कमी झालेले कुठल्या काट्यावर दिसणार? नियंत्रण कक्षातली गळतीशोधक प्रणाली आत गेलेलं आणि बाहेर आलेलं इंधन जुळवून बघते. प्रवाहाच्या टक्काभर गळती झाली तर ती ओरडते. त्याच्या शंभराव्या हिश्शाची गळती तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. तुमच्या विहिरीला मात्र ते अडीच चमचे कळतात, कारण ती चोवीस तास त्याच जागी उभी आहे आणि आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढते आहे. म्हणून मी म्हणते, त्या परिसरातलं सर्वांत बारीक मोजणारं यंत्र तुमची विहीरच आहे. 'दाब ठीक आहे' या वाक्याने तिचं म्हणणं खोडलं जात नाही.

मग कंपनीला नेमकं काय मागायचं? नुसतं 'वाहिनी तपासा' लिहिलं तर 'तपासली' असं उत्तर येतं. लेखी मागा की वाडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटरमध्ये पूर्वी कुठे दुरुस्ती झाली, कुठे वेष्टन किंवा क्लॅम्प बसवले, कुठे चोरीसाठी भोक पाडलं गेलं होतं, त्या जागांची यादी द्या आणि त्या जागा उघडून दाखवा. चोरीचं मुद्दाम लिहिते. २०२१ च्या जूनमध्ये साताऱ्यात फलटण तालुक्यातल्या सासवड गावाजवळ चोरांनी मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या वाहिनीला भोक पाडलं, आणि पेट्रोल शेतात नि विहिरीत उतरलं. अशी भोकं नंतर बुजवली जातात, पण बुजवलेली जागा कायमची नाजूक असते. दुसरी मागणी, पंपिंग पूर्ण थांबवून, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून तेवढ्या तुकड्यावर दाब धरून बघा, काही तास नाही, तापमानाचा हिशेब लावता येईल इतका वेळ. तिसरी, वाहिनीच्या कडेने मीटरभर खोलीची छोटी छिद्रं पाडून मातीतली वाफ मोजा. ही स्वस्त आणि झटपट चाचणी आहे, आणि माझ्या अनुभवात खणण्याची नेमकी जागा तीच दाखवते. चौथी, वाहिनीच्या आतून जाणाऱ्या तपासणी यंत्राचा मागचा अहवाल दाखवा. आणि वाहिनीवर कुठे खड्डा, नळी, नवी माती असं काही तुम्हाला स्वतःला दिसलं तर हात लावू नका. लांब या आणि मार्गावरच्या पिवळ्या खुणेच्या पाटीवर जो क्रमांक असतो तिथे कळवा.

नमुन्याबद्दल मी जे सांगणार आहे त्यामागे माझी एक चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वाडीतून असंच बोलावणं आलं. मी जाईपर्यंत तिथल्या लोकांनी घाईने नमुना काढून पाठवला होता, पाण्याच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत, अर्धी रिकामी, स्वयंपाकघरातल्या फिल्टरनंतरच्या नळाचा. बाटली दोन दिवस एसटीने उन्हात गेली. अहवाल आला 'आढळले नाही'. नमुना कसा घेतला हे न विचारता मी तो निरोप वाडीला पोचवला. एका घराने त्या निरोपावर विसंबून पुढे चार महिने तेच पाणी प्यायलं. नंतर नीट नमुना घेतला तेव्हा बेंझीन मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. त्या घरात एक लहान मुलगी होती. तेव्हापासून नमुना कसा घेतला हे कळल्याशिवाय मी कुठलाच अहवाल वाचत नाही.

तर नमुना असा. ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या, झाकणाच्या आत टेफ्लॉनची चकती, प्रयोगशाळेकडूनच मागवायच्या. कुपीत आम्लाचे थेंब टाकलेले असतात, ते धुऊन टाकायचे नाहीत. पाणी काठोकाठ भरायचं, उलटी करून बघायचं, आत हवेचा एक बुडबुडाही नको, कारण बेंझीन त्या बुडबुड्यात निघून जातं. लगेच बर्फात ठेवायची आणि दोन आठवड्यांच्या आत तपासणी व्हायला हवी. नमुना फिल्टरच्या, टाकीच्या आणि नळाच्या तोटीवरच्या जाळीच्या आधीचा घ्यायचा. घेणाऱ्याने त्या दिवशी गाडीत पेट्रोल भरलेलं नको, हाताला वास लागलेला नको. एक कुपी शुद्ध पाण्याची सोबत न्यायची आणि न उघडता परत पाठवायची, म्हणजे वाटेत काही शिरलं का ते कळतं. सातही विहिरींचे नमुने एकाच दिवशी घ्या, नंतर वाद घालायला जागा उरत नाही. प्रदूषण मंडळाच्या आणि कंपनीच्या माणसांसमोर घ्या, प्रत्येक नमुन्याची जोडकुपी गावाच्या ताब्यात ठेवा, आणि त्याच वेळी पंचनामा करून घ्या.

चाचणी मागताना मोघम 'तेल आहे का' लिहू नका. बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन, नॅप्थलीन, एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळतात ते एक रसायन) आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन अशी नावं लिहा. विहिरीवर तवंग असेल तर त्याचा वेगळा नमुना घेऊन त्याची ओळख पटवायला सांगा. प्रत्येक इंधनाची अंगठ्याच्या ठशासारखी एक खूण असते. इथे कंपनीशी होणाऱ्या वादाचा निकाल लागतो. 'हे आमचं नाही, खालच्या पेट्रोलपंपाचं असेल, नाहीतर कुणी ट्रॅक्टरचं डिझेल सांडलं असेल' असं तुम्हाला ऐकवलं जाईल. ते शक्यही आहे, म्हणून रागावू नका, तपासा. वाहिनीतून एकाच नळीने पेट्रोल, डिझेल, रॉकेल एकामागोमाग जातात. विहिरीत हे सगळे एकत्र सापडले तर बोट वाहिनीकडे जातं. पेट्रोलमध्ये इथेनॉल सहसा डेपोत मिसळतात, वाहिनीतलं पेट्रोल त्याच्याशिवाय धावतं. त्यामुळे पाण्यात इथेनॉल सापडलं तर पंपाकडे किंवा डेपोकडे बघावं लागेल. फक्त इथेनॉल सापडलं नाही म्हणून पंप सुटत नाही, कारण जीवाणू ते लवकर खाऊन टाकतात. एमटीबीई मात्र पाण्याबरोबर सर्वांत लांब पळतं, ते खालच्या विहिरीत आधी दिसलं तर बेंझीन मागून येतंय असं समजा.

आता जमिनीखाली काय चाललंय ते. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळात, वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला दगड आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. इंधन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून मुरुमातून खाली जाऊन ते पाण्याच्या पातळीवर तरंगतं आणि उताराने सरकतं. वाळूत ते पसरलं असतं. दगडात ते भेगांच्या वाटेने जातं. म्हणून तीस फुटांवरच्या दोन विहिरींपैकी एक नासते आणि दुसरी स्वच्छ राहते, आणि लोक म्हणतात, शेजारची चांगली आहे म्हणजे तुम्हीच काहीतरी सांडलं असेल. तसं नसतं. त्या विहिरीच्या झऱ्याला ती भेग मिळालेली असते, एवढंच. तुमच्या बाधित दोन विहिरी कुठल्या झऱ्यावर आहेत, कुठल्या अंगाने पाणी येतं, हे विहीर खणणाऱ्या जुन्या माणसांना माहीत असतं. त्यांना विचारून कागदावर काढून ठेवा. कुठल्याही सर्वेक्षणाला त्याचा उपयोग होतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे तुमच्या पाणलोटाची माहिती असते, तीही अर्ज करून मागा.

दिवाळीनंतर पातळी उतरायला लागते. पातळी खाली जाते तसं तरंगणारं इंधनही खाली जातं आणि जाताना वाटेतला मुरूम माखून ठेवतं. एप्रिल-मेमध्ये विहिरीत तवंगाचा थर जाड दिसेल. जूननंतर पाणी वर येईल, इंधन दगडात पाण्याखाली अडकेल आणि थर गायब झाल्यासारखा वाटेल. तो गायब झालेला नसतो. म्हणून एकाच ऋतूतल्या तपासणीवर कुणी 'संपलं' म्हणू लागलं तर मान्य करू नका. पावसाआधी आणि पावसानंतर, किमान दोन वर्षं, एवढं तरी मागाच.

याच कारणाने 'विहीर उपसून टाका' हा सल्ला धोक्याचा आहे. मोटर चालली की विहिरीभोवतीची पातळी खोलगट होते आणि इंधन त्या खोलग्याकडे धावतं. नासलेली विहीर उपसलीत तर आणखी इंधन ओढाल. शेजारची चांगली विहीर जोरात उपसलीत तर इंधनाला तिचा रस्ता दाखवाल. शिवाय उपसलेलं पाणी नाल्यात सोडलं की खालच्या वाडीची विहीर गेली. उपसा करायचाच असतो, पण तो आखून, पाण्यावर प्रक्रिया करून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि कंपनीच्या खर्चाने.

सफाई कशी होते हे थोडक्यात सांगते, कारण तो भाग तुमच्या हातात नाही. निरीक्षणासाठी बोअर घेतात, तरंगणारं इंधन खरवडून काढतात, मातीतली वाफ निर्वात पंपाने ओढतात, उरलेल्यावर हवा सोडून जीवाणूंना काम करायला लावतात. काही महिन्यांत संपेल असं कुणी सांगितलं तर ते बेसॉल्टला ओळखत नाहीत. वर्षं लागतात. चेन्नईत तोंडियारपेटला २०१३ मध्ये बोअरच्या पाण्यात इंधन आलं, तेही प्रकरण काही महिन्यांत मिटलं नाही.

म्हणून तुमची खरी लढाई मधल्या वर्षांतल्या पाण्याची आहे. टँकर ही आठवड्यांची सोय झाली. घराच्या तोंडाशी बसवायचे कोळशाचे मोठे फिल्टर पेनसिल्व्हेनियात बसवले गेले, आपल्याकडेही बसवता येतात, पण अटी लावून. दोन टाक्या एकामागे एक हव्यात, आणि दोन्हींच्या मधल्या पाण्याची तपासणी ठरावीक काळाने झाली पाहिजे. पहिली टाकी भरली हे मधल्या नमुन्यात कळतं आणि दुसरी तोवर सांभाळते. एकच टाकी बसवून हार घालून फोटो काढून गेले तर ती सोय समजू नका. आणि ज्या विहिरीवर इंधन तरंगतंय तिला फिल्टर चालतच नाही.

नवी नळयोजना हा टिकाऊ मार्ग. तिथे एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही. काळे एचडीपीई पाइप स्वस्त आणि सोयीचे, पण पेट्रोलचे घटक त्या प्लास्टिकमधून आरपार जातात. इंधनाने माखलेल्या जमिनीतून तो पाइप नेला तर लांबच्या धरणाचं स्वच्छ पाणी तुमच्या घरात पोचेपर्यंत परत वास घेऊन येईल. मार्ग बाधित भागाला वळसा घालून न्या, नाहीतर तेवढ्या तुकड्यात लोखंडी पाइप आणि इंधनाला टिकणारं रबर सांध्यात वापरायला सांगा. ठेकेदार येण्याआधी हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना करा, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून. प्रती प्रदूषण नियंत्रण मंडळाला, कंपनीला आणि दिल्लीच्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाला. १९७४ च्या जल अधिनियमाच्या कलम २४ मध्ये विहिरीचा उल्लेख स्पष्ट आहे. प्रवाहात, विहिरीत किंवा जमिनीवर जाणूनबुजून दूषित पदार्थ जाऊ देणं निषिद्ध आहे. वाहिनी ज्यांच्या शेतातून जाते त्यांना १९६२ च्या पाइपलाइन कायद्याने नुकसानभरपाई मागता येते. आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे. २०१० च्या त्याच्या कायद्यात अपघाती हानीसाठी चूक कुणाची हे सिद्ध न करताही भरपाईची तरतूद आहे. भरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत असते, आणि ती नुकसानीचं कारण पहिल्यांदा घडलं तिथून मोजतात. म्हणून तारखा महत्त्वाच्या.

त्यासाठी एक दोनशे पानी वही आजच करा. गणपतीपासूनच्या आठवणी आधी लिहा, ज्यांना पहिल्यांदा वास आला त्या बायकांच्या तोंडून आणि त्यांच्या सहीने किंवा अंगठ्याने. मग रोज एक ओळ. तारीख, कुठली विहीर, वास किती, तवंग दिसला का, पाऊस होता का. आठवड्यातून एकदा बाधित नसलेल्या विहिरींची पातळी, कठड्यापासून दोरीने मोजून. कोण अधिकारी आले, काय म्हणाले, काय कागद दिला. पेनसिल्व्हेनियात सोळा महिने हा आकडा कुठून आला? कुणीतरी पहिल्या वासाची तारीख नोंदवली होती म्हणून. ती नसती तर गळती सापडली त्या दिवशीच सुरू झाली, असंही म्हणता आलं असतं.

तब्येतीचं. डोकेदुखी, मळमळ, अंगावर लाली असं काही असेल तर पाणी बदलल्यावर बहुधा कमी होईल. बेंझीनचा खरा धोका दीर्घकाळाचा, रक्ताच्या कर्करोगाचा, आणि तो किती पाणी किती दिवस प्यायलं यावर ठरतो. दोन-अडीच महिने हे पाणी प्यायलं म्हणून घाबरून जाऊ नका, पण यापुढे एकही दिवस नको. आशाताईंना सांगून बाधित घरांतल्या सगळ्यांची, गरोदर बाया आणि मुलांची आधी, साधी रक्तगणना करून घ्या आणि ते कागद जपून ठेवा. पुढे कधी तुलना करायची वेळ आली तर आजचा आकडा हाताशी असेल.

शेवटचा प्रश्न विहीर बुजवण्याचा. बुजवू नका. ग्रामसभेत जोर लागला तरी बुजवू देऊ नका. बुजवल्याने इंधन जात नाही, फक्त दिसायचं बंद होतं, आणि तुमच्याकडचा सर्वांत मोठा पुरावा मातीखाली जातो. सफाई करायला येणाऱ्यांना पहिली तपासणी करायची जागा आणि तवंग काढायची जागा हीच विहीर देते. तिच्यावर जाळीचं झाकण बसवा, वाफ कोंडेल असं घट्ट नको, पण मूल किंवा जनावर पडणार नाही इतकं भक्कम. कुलूप लावा. एक किल्ली ग्रामपंचायतीकडे द्या आणि दुसरी ज्या बाईला पहिल्यांदा वास आला होता तिच्या घरी ठेवा.